आधी सामन्यांचं पंचांग, मग खोका

सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका निवृत्त सरांनी विचारलं आहे: घरात 43 इंची नवा टीव्ही आलाय, केबल जुनीच आहे. सरांना क्रिकेट, मुलाला फुटबॉल, आणि चौऱ्याऐंशी वर्षांच्या वडिलांना कुस्ती-कबड्डी. डिश घ्यावी, केबल ठेवावी, की नुसतं वायफाय पुरेल? सेट टॉप बॉक्स कोणता चांगला? आणि स्पोर्ट्सची चॅनल घेऊन महिन्याचा खर्च पाचशेच्या आत बसेल का?

सर, बसेल. पण प्रश्न तुम्ही उलट्या टोकाकडून धरलाय, आणि त्यात तुमची चूक नाही. माझ्याकडे येणारं प्रत्येक गिऱ्हाईक पहिल्यांदा "बॉक्स कुठला चांगला" हेच विचारतं. मी 2001 पासून या धंद्यात आहे. गावभागात या गच्चीवरून त्या गच्चीवर काळी वायर टाकण्यापासून सुरुवात केली, आता डिशच्या छत्र्या बसवतो. इतक्या वर्षांत माझं एकच मत पक्कं झालंय: खोका सगळ्यात शेवटी ठरवायचा. खोका म्हणजे नळ. पाणी कुठल्या टाकीत आहे ते आधी बघा.

टाक्या सध्या मोठ्या दोनच आहेत, स्टार आणि सोनी. नोव्हेंबर 2024 मध्ये स्टार आणि जिओवाल्यांचं वायाकॉम एकत्र झालं, त्यामुळे पूर्वी स्पोर्ट्स18 वर दिसायचं तेही आता स्टारच्याच घरात आलं. भारतात होणाऱ्या भारताच्या मालिका मार्च 2028 पर्यंत त्यांच्याकडे आहेत. आयपीएल 2027 पर्यंत त्यांच्याकडे, आयसीसीच्या स्पर्धा, म्हणजे विश्वचषक वगैरे, 2027 अखेरपर्यंत त्यांच्याकडेच. भारत ऑस्ट्रेलियाला खेळायला गेला की तेही स्टारवर. प्रो कबड्डी तर पहिल्या हंगामापासून, 2014 पासून, स्टारवरच आहे. म्हणजे सर, तुमचं आणि तुमच्या वडिलांचं बरंचसं काम एकाच टाकीत झालं.

सोनीकडे थोडं आहे, पण नेमकं आहे. आशिया चषक 2031 पर्यंत त्यांचा. इंग्लंडमधलं क्रिकेट त्यांच्याकडे, न्यूझीलंडमधलंही. 2025 च्या उन्हाळ्यात भारत इंग्लंडला पाच कसोटी खेळला, तेव्हा माझा फोन दुपारी साडेतीनला वाजायला लागायचा, "मॅच दिसंना." बघायला जावं तर घरात स्टारचा सगळा पॅक भरलेला आणि सोनीचं एकही चॅनल नाही. त्यात आणखी गंमत अशी, की टीव्हीवर ती मालिका सोनीची होती आणि मोबाईलवर जिओहॉटस्टारची. पोरगं मोबाईलवर बघतंय आणि वडील टीव्हीसमोर बसून मला शिव्या देतायत, असं दृश्य मी चार घरांत तरी पाहिलं.

फुटबॉलमध्येही अशीच वाटणी आहे. इंग्लिश प्रीमियर लीग स्टार स्पोर्ट्स सिलेक्टवर, चॅम्पियन्स लीग सोनीवर. मुलगा नक्की काय बघतो ते त्यालाच विचारा. बऱ्याचदा एका क्लबापुरतं वेड असतं, आणि त्यासाठी वर्षभर चार चॅनल भरत बसायची गरज नसते. नातवंडं असतील तर डब्ल्यूडब्ल्यूई विचारतीलच. ती एप्रिल 2025 पासून सोनीवरून नेटफ्लिक्सवर गेली. डिशवर कितीही रिचार्ज मारला तरी ती आता यायची नाही, तेव्हा माझ्यावर चिडू नका म्हणावं.

तेव्हा एका संध्याकाळी कॅलेंडर घेऊन बसा. महालक्ष्मीचं असू दे नाहीतर कालनिर्णय. कुठल्या महिन्यात कोण कुठं खेळतंय ते पेन्सिलीनं मारा आणि पुढं "स्टा" नाहीतर "सो" लिहा. माझ्या एका गिऱ्हाईकानं, मार्केट यार्डात हळदीचा व्यापार आहे त्यांचा, देवघराशेजारच्या कॅलेंडरवर असंच लिहून ठेवलंय. एकादशीच्या खाली "सो". वर्षातले चार-पाच महिनेच त्यांच्याकडं सोनी चालू असतं.

कारण चॅनल सुटं घेता येतं, हे अजूनही निम्म्या लोकांना माहीत नाही. फेब्रुवारी 2019 पासून नियमच तसा आहे. प्रत्येक पैशाच्या चॅनलला छापील किंमत असते, हवं ते एकेकटं निवडता येतं आणि नको ते काढता येतं. कंपनीचा पॅक घ्यायचीच सक्ती नाही. पॅकात घालायचं चॅनल 19 रुपयांपेक्षा महाग असून चालत नाही, म्हणून खेळाची बरीच चॅनल त्या 19 च्या आकड्याला चिकटून बसलेली असतात. त्यावर 18 टक्के जीएसटी धरला की 22 रुपये 42 पैसे. स्टारचं एक हिंदी आणि सोनीचं एक हिंदी या दरानं धरलं तर दोन्ही मिळून 45 रुपयांच्या आत. मग महिन्याचं बिल पाचशे-सहाशे कशानं होतं? पॅकानं. पॅकात तुमच्या घरात कोणी कधी न लावलेली तीस-चाळीस चॅनल असतात आणि त्यांच्यात तुमचं एक स्पोर्ट्सचं लपवलेलं असतं. भडंगाच्या पुड्यातले शेंगदाणे मोजल्यासारखं होतं ते.

वरून जोडणीचं मूळ भाडं असतं. ते पूर्वी 130 रुपये, करासकट 153 रुपये 40 पैसे, असं बांधून दिलेलं होतं. जुलै 2024 मध्ये ही मर्यादा उठली. त्यामुळे आता कंपनीकंपनीत फरक पडतो, आणि घेताना हा आकडा वेगळा विचारून घ्यायचा. नुसतं "सगळं मिळून किती" विचारलं की समोरचा पॅकच सांगणार. चॅनलच्या ताज्या किमती बघायच्या असतील तर रिमोटवर 999 दाबा, ग्राहकांसाठीची माहिती त्या क्रमांकावर असते. तिथं कोणी जात नाही. तुम्ही जा.

आता वायफायचं. मुलगा म्हणत असेल, "बाबा, डिश कशाला, सगळं ॲपवर आहे." चुकीचं नाही त्याचं. सिनेमे, मालिका, जुने सामने, हायलाइट्स यांना ॲप बरं. शिवाय आयपीएलचं समालोचन 2023 पासून मोबाईलवर मराठीत ऐकायला मिळालं. केदार जाधव त्या वर्षी तिथं बोलत होता आणि बोलता बोलता मे महिन्यात बेंगळुरूच्या संघात खेळायलाच गेला. पण चालू सामना ॲपवर बघणाऱ्यानं शेजारी जपून निवडावा.

2 नोव्हेंबर 2025 ची रात्र सांगतो. महिलांच्या विश्वचषकाची अंतिम लढत, नवी मुंबईत. आपल्या सांगलीची स्मृती सलामीला, त्यामुळं त्या रात्री गावात झोपलेलं घर सापडलं नसतं. पावसानं सामना दोन तास उशिरा सुरू झाला होता, संपायला मध्यरात्र झाली. मी माधवनगर रस्त्याला एका ओळखीच्या घरी बसलो होतो. त्यांच्याकडं फायबर, नवाकोरा टीव्ही, सामना ॲपवर. शेजारच्या घरात डिश. दीप्ती चेंडू टाकायला निघाली, अजून आमच्या पडद्यावर ती धावतेच आहे, आणि शेजारी एकदम ओरडा, थाळ्या, लगेच फटाक्यांची माळ. आमच्या घरातले सगळे एकमेकांकडं बघतायत. पडद्यावर हरमनप्रीतनं तो झेल घेतला तोवर शेजारची पोरं रस्त्यावर नाचत होती. यजमान मला म्हणाले, "जगज्जेते झालो, पण शेजाऱ्यांच्या नंतर."

याचं कारण सोपं आहे. डिशचा सिग्नल साधारण 36,000 किलोमीटरवरच्या उपग्रहाकडून येतो, तरी त्या प्रवासाला सेकंदाचा अंशच लागतो. बाकी काही सेकंद चित्र बांधण्या-सोडण्यात जातात. ॲपवर मात्र चित्र लहान लहान तुकड्यांत येतं आणि नेट अडखळलं तरी चित्र थांबू नये म्हणून ॲप दोन-चार तुकडे आधीच साठवून ठेवतं. तो साठा म्हणजेच उशीर. मी दोन टीव्ही शेजारी ठेवून मोजलंय, वीस-तीस सेकंदांचा फरक सहज पडतो. वायफाय कितीही वेगवान घेतलं तरी हा फरक पूर्ण जात नाही. शिवाय लाईट गेली की टीव्ही इन्व्हर्टरवर चालतो, पण कोपऱ्यातला राऊटर बहुतेक घरांत इन्व्हर्टरच्या लायनीवर नसतो. ऐन शेवटच्या षटकात हे लक्षात येतं.

केबल की डिश? तुमची केबल वाईट नाही. केबलवाला गल्लीतला असतो, हाक मारली की येतो, पावसात त्याचं चित्र जात नाही. डिशचं जातं. तो सिग्नल इतक्या बारीक लहरींचा असतो की जोराच्या सरीत थेंबच तो खाऊन टाकतात. वळवाच्या पावसात दहा-पंधरा मिनिटं "नो सिग्नल" येणार हे धरूनच चालायचं. मी कुणालाही याबाबत खोटं आश्वासन देत नाही. पण 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी 57 फुटांवर गेलं, तेव्हा खालच्या भागातली केबलची सगळी यंत्रं पाण्याखाली होती. पूर ओसरल्यावर काही गल्ल्यांत चित्र यायला कित्येक दिवस लागले. गच्चीवरच्या छत्र्या मात्र चिखलाच्या वर तशाच उभ्या होत्या, लाईट आली तसा टीव्ही चालू. तुम्ही विश्रामबागेत, तिथं ती धास्ती नाही. गावभागातल्या माणसाला मी वेगळा सल्ला देतो.

तुमच्या बाबतीत मी डिशकडे झुकतो, ते एचडीमुळं. 43 इंचावर साधं एसडी चित्र म्हणजे चाळणीतून बघितल्यासारखं. एसडीत चित्राच्या आडव्या रेघा 576, एचडीत 1080. बातम्यांना फरक पडत नाही, निवेदिकेचा चेहरा काही पळत नाही. पण चेंडू पळतो. सीमारेषेवरून कॅमेरा फिरला की एसडीत गवताचा हिरवा चिखल होतो आणि त्यात चेंडू हरवतो. गल्लीच्या केबलवर एचडी मिळत असेल तर जरूर विचारा. मिळालं आणि चांगलं दिसलं तर केबलच ठेवा, छत्रीचा खर्च वाचेल.

आणि एचडी घेतलं म्हणजे एचडी दिसतं असंही नाही. वखारभागात एका घरी बोलावणं होतं, "डिश बदलायची आहे, चित्रात दम नाही." गेलो. बॉक्स एचडी, चॅनल एचडी, दोन वर्षं एचडीचे पैसे भरलेले. टीव्ही भिंतीपासून जरा ओढून मागं हात घातला तर हाताला तीन पिना लागल्या: पिवळी, लाल, पांढरी. ज्यानं जोडलं त्यानं जुन्या टीव्हीची वायर तशीच नव्याला लावून दिली होती. त्या वायरीतून एचडी जातच नाही. बॉक्सच्या खोक्यात खाली, थर्माकोलच्या बेचक्यात, एचडीएमआय केबल प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारलेली पडून होती. ती लावली, बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन 1080 केलं, टीव्हीचं चित्र ओढून रुंद केलं होतं ते मूळ मापावर आणलं. कसला तरी जुना कसोटी सामना लागला होता. आजोबा खुर्ची पुढं ओढून बसले आणि म्हणाले, "अरे, शिवण दिसती की चेंडूची!" मी डिश न बदलता घरी आलो. चहा मात्र दोनदा झाला.

खोक्याविषयी विचारलंत तर माझं मत थोडक्यात असं. खेळासाठी साधा एचडी बॉक्स पुरे. अँड्रॉइडवाले, ॲपसकट येणारे बॉक्स टीव्ही जुना असेल तर कामाचे. तुमचा टीव्ही स्मार्ट आहे, ॲप त्यातच आहेत, मग तेच दुसऱ्यांदा विकत का घ्यायचं? एक मात्र ध्यानात ठेवा: एका कंपनीचा बॉक्स दुसरीच्या सिग्नलवर चालत नाही. कंपनी बदलली की खोका माळ्यावर. आपल्याकडे प्रत्येक माळ्यावर असे दोन-तीन आहेत, माझ्याही.

कंपनी कुठली हे गच्ची बघितल्याशिवाय मी सांगत नाही, आणि जो फोनवर सांगतो त्याच्याकडून घेऊ नका. प्रत्येक कंपनीचा उपग्रह आभाळात वेगळ्या जागी आहे. विश्रामबागेतून एअरटेलची छत्री साधारण मिरजेच्या दिशेला तोंड करते आणि तिची नजर क्षितिजापासून 47 अंशांच्या आसपास, म्हणजे बऱ्यापैकी खाली असते. पूर्वेला शेजाऱ्याचा नारळ किंवा नवी चार मजली इमारत असेल तर ती आडवी येणार. टाटा प्लेची दक्षिणेकडं जास्त वळलेली आणि नजर 68 अंशांच्या आसपास, जवळजवळ डोक्यावर. दाटीच्या वस्तीत तिला मोकळं आभाळ लवकर सापडतं. डिश टीव्ही, डीटूएच मधे कुठंतरी. आज नारळ लहान असेल, तीन वर्षांनी झावळी वाऱ्यानं आत-बाहेर करायला लागली की चित्रात चौकोन पडायला लागतात, आणि माणूस कंपनीला नावं ठेवतो.

पैसे घालायचे तर वायरीत घाला. चांगली तांब्याची आरजी-6, मधे कुठंही जोड नाही, गच्चीवरच्या टोकाला रबरी टोपी, आणि खांब भिंतीत चार बोल्टांनी पक्का. दोन बोल्ट मारून पळणारे आहेत. एलएनबी, म्हणजे छत्रीसमोर दांडीवर बसवलेला सिग्नल पकडणारा डबा, त्याच्या तोंडावरची प्लास्टिकची टोपी तडकली की पाणी आत जातं, नाहीतर कुंभारीण माशी मातीचं घर करते. मग सिग्नल 80 वरून 40 वर येतो आणि पहिल्या सरीलाच चित्र जातं. पावसाळ्याआधी एकदा तेवढं बघितलं तरी निम्मे फोन मला येणार नाहीत.

वडिलांच्या खोलीत जुना लहान टीव्ही असेल तर तिथं डीडी फ्री डिश लावा. एकदाच दीड-दोन हजार खर्च, महिन्याला काही नाही. बॉक्स एमपेग-4 चाच घ्या, जुन्या प्रकारच्या बॉक्सवर कमी चॅनल दिसतात. भारताचे वन-डे आणि टी-20 सामने तिथं डीडी स्पोर्ट्सवर दिसतात, कारण महत्त्वाच्या सामन्यांचा सिग्नल प्रसार भारतीला द्यावा लागतो, असा 2007 चा कायदाच आहे. आयपीएल त्यात येत नाही. लोक मला विचारतात, "मॅच डीडीवर आहे म्हणतात, मग आमच्या केबलवर डीडी लावलं तर दुसरंच काहीतरी का चालू?" सर्वोच्च न्यायालयानं 2017 मध्ये निकाल दिला, की तो फुकटचा सिग्नल प्रसार भारतीच्या स्वतःच्या जाळ्यापुरताच, केबलवाल्यांनी आणि खासगी डिशवाल्यांनी तो पुढं दाखवायचा नाही. म्हणून तुमच्या मोठ्या टीव्हीवर पैसे भरूनही डीडीवर सामना दिसणार नाही आणि वडिलांच्या खोलीत फुकट दिसेल. त्या दिवशी घरातली गर्दी कुठं जमणार ते सांगायला नको.

कुस्तीचं मात्र वेगळं. कुंडलचं मैदान असो नाहीतर गावच्या जत्रेतल्या कुस्त्या, हे स्पोर्ट्सच्या मोठ्या चॅनलवर शोधू नका. ते यूट्यूबवर थेट असतं, समालोचकाच्या खणखणीत आवाजासकट, कधीकधी गल्लीच्या केबलवरही. वडिलांना बसल्या जागी टीव्हीवर यूट्यूब लावून द्या आणि रिमोटचं माइकचं बटण दाखवून ठेवा. "कुस्ती मैदान" एवढं मराठीत बोललं तरी येतं. माझ्या वडिलांना ते बटण सापडल्यापासून आई तिच्या मालिका माझ्या मोबाईलवर बघते.

मोठ्या स्पर्धांच्या वेळी मात्र आधी चौकशी करा, तिथं टाकी बदलते. 2022 ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत आपल्या सांगलीच्या संकेत सरगरनं वजन उचलून रौप्य मिळवलं, ते सोनीवर होतं. त्या दिवशी अर्ध्या गावाला चॅनल सापडेपर्यंत पदक गळ्यात पडलं होतं.

तर सर, तुमच्यासाठी: मोठ्या टीव्हीला एक एचडी जोडणी, त्यावर स्टारचं हिंदी एचडी वर्षभर, सोनीचं हिंदी, म्हणजे सोनी टेन 3, फक्त कॅलेंडरवर "सो" लिहिलेल्या महिन्यांत, मुलाचं सिलेक्ट त्याच्या हंगामापुरतं आणि शक्यतो त्याच्या खिशातून. वायफाय आहेच, ते सिनेमांना. वडिलांना फ्री डिश. पाचशेच्या बरंच आत राहाल. मी येण्याआधी एवढं करा: सकाळी नऊच्या सुमाराला गच्चीवर उभं राहून मिरजेकडं आणि तिथून उजवीकडं दक्षिणेपर्यंत मोबाईलनं फोटो काढा, झाडं-इमारती सगळी येऊ द्यात. आणि नव्या टीव्हीचं खोकं रद्दीवाल्याला दिलं नसेल तर त्यात हात घालून बघा, एखादी केबल गाठ मारून पडलेली असेल.